जंतू, विष आणि जनुक : अन्नविषबाधेच्या निदानाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

विषबाधेस कारण झाल्याचा संशय असलेले अन्न परीक्षेसाठी प्रयोगशाळेत येते, तेव्हा परीक्षकापुढे तीन प्रश्न उभे असतात. ह्या अन्नात कोणता जंतू आहे, हा पहिला. ह्या अन्नात प्रत्यक्ष विष आहे काय, हा दुसरा. आणि ह्यातील जंतूच्या अंगी ते विष निर्माण करण्याची आनुवंशिक पात्रता आहे काय, हा तिसरा. प्रथमदर्शनी हे तीनही प्रश्न एकच आहेत असे वाटते, आणि नित्याच्या व्यवहारात पुष्कळदा ते एकच मानून काम भागविलेही जाते. परंतु त्यांचा इतिहास पाहिला असता असे दिसून येते की, हे प्रश्न तीन निरनिराळ्या कालखंडांत, निरनिराळ्या अडचणींतून उद्भवले, आणि त्यांतील प्रत्येकासाठी निराळे साधन निर्माण करावे लागले.

आजचा विद्यार्थी ह्या विषयाकडे वळतो तो बहुधा तिसऱ्या प्रश्नाच्या वाटेने. विषाच्या जनुकाचा एक लहानसा तुकडा काही तासांत कोट्यवधी पटींनी वाढवून त्याचे अस्तित्व सिद्ध करणारी परीक्षा त्याला पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या आरंभीच शिकविली जाते. ती परीक्षा इतकी जलद व इतकी सूक्ष्म आहे की, तिच्या आधीच्या सर्व पद्धती त्याला ओबडधोबड वाटाव्यात, ह्यात नवल नाही. तथापि त्या जुन्या पद्धती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत होत्या, हे ध्यानात न घेता नवी परीक्षा वापरली, तर एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे म्हणून स्वीकारले जाण्याचा संभव असतो. अशा चुकीची किंमत प्रयोगशाळेला क्वचितच मोजावी लागते. ती बाहेरच्या माणसांना, रुग्णांना आणि कधी कधी निरपराध शेतकऱ्यांना मोजावी लागते. प्रस्तुत लेखात ह्या तीन प्रश्नांचा ऐतिहासिक क्रम लावून तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे जनुकपरीक्षेचे, योग्य स्थान कोणते, ह्याचा विचार करावयाचा आहे.

२. कुजण्याच्या कल्पनेपासून जंतूपर्यंत

अन्नातून विषबाधा होते, हे ज्ञान फार जुने आहे. ती का होते, ह्याचे ज्ञान मात्र अर्वाचीन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील व्यूर्टेम्बेर्ग प्रांतात सॉसेज खाल्ल्यामुळे पक्षाघातासारखी लक्षणे होऊन माणसे दगावत. युस्टिनुस केर्नर ह्या वैद्याने इ. स. १८२० व १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्या विकाराचे इतके तपशीलवार वर्णन केले की, ते आजही वाचनीय ठरते. केर्नर कवी म्हणूनही प्रसिद्ध होता. परंतु ह्या ग्रंथांत त्याने निरीक्षणाची शिस्त सोडलेली नाही. सॉसेजमध्ये एक विष तयार होते आणि ते मज्जासंस्थेवर परिणाम करते, इतके त्याने ओळखले. ते विष जंतूपासून निघते, हे ओळखण्याची सोय त्या काळी नव्हती.

पुढे १८७० नंतरच्या दशकात फ्रान्चेस्को सेल्मी ह्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने प्रेतांच्या कुजण्यातून निघणाऱ्या क्षारधर्मी द्रव्यांना ‘टोमेन’ असे नाव दिले. प्रेत ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले हे नाव फार लोकप्रिय झाले, आणि अन्नातील सर्व विषबाधा कुजलेल्या मांसातील टोमेनांमुळे होते अशी समजूत विसाव्या शतकातही दीर्घकाळ टिकून राहिली. ही समजूत का चुकीची होती, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. अन्न कुजले की ते विषारी होते, आणि विषारी अन्न कुजलेले दिसते, असा तिचा आशय होता. प्रत्यक्षात घातक अन्न पुष्कळदा रंगाने, वासाने व चवीने निर्दोष असते, आणि आंबूस वास येणारे अन्न पुष्कळदा निरुपद्रवी असते.

जंतूच्या मताला बळ देणारी पहिली महत्त्वाची घटना १८८८ मधील होय. जर्मनीतील फ्रांकेनहाउझेन येथे आजारी गाईचे मांस खाऊन अनेक माणसे आजारी पडली व एक दगावला. आउगुस्ट गेर्टनर ह्याने त्या मांसातून व मृताच्या शरीरातून एकच जंतू वेगळा केला. आज तो साल्मोनेला वर्गात समाविष्ट आहे. त्यानंतर डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधील एलेझेल ह्या गावी एका अंत्यविधीसाठी आलेल्या वादकांच्या पथकाने डुकराचे खारवलेले मांस खाल्ले. त्यांतील पुष्कळजण आजारी पडले व तिघे मृत्यू पावले. गेंट येथील प्राध्यापक एमिल व्हान एर्मेंगेम ह्याने ते उरलेले मांस व एका मृताची प्लीहा ह्यांतून हवेविना वाढणारा एक बीजाणुधारी जंतू मिळविला, आणि १८९७ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. हाच पुढे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम म्हणून ओळखला गेला.

गेर्टनर आणि व्हान एर्मेंगेम ह्यांची नावे आपण सहसा एका ओळीत घेतो. परंतु दोघांच्या शोधांत एक सूक्ष्म भेद आहे. गेर्टनरच्या रोग्यांच्या शरीरात जंतूने स्वतः शिरकाव केला होता. एलेझेलच्या वादकांच्या बाबतीत मात्र जंतूने आपले काम मांसातच उरकले होते. व्हान एर्मेंगेमने मांसाचा जंतुविरहित अर्क प्राण्यांस दिला, तेव्हाही त्यांस पक्षाघात झाला. आणि तोच अर्क तापविला असता निरुपद्रवी झाला. येथेच जंतू व विष ह्यांची फारकत झाली, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचा जन्म झाला.

३. विषाची साक्ष देणारी शरीरे

विष डोळ्यांना दिसत नाही आणि त्याची वसाहत तबकडीवर वाढविता येत नाही. म्हणून त्याची साक्ष कोणातरी सजीव शरीराकडून घ्यावी लागली, आणि पहिल्या काळात ते शरीर बहुधा संशोधकाचे स्वतःचेच होते. १९१४ मध्ये बार्बर ह्या शास्त्रज्ञाने फिलिपीन्समधील एका गोठ्यातील गाईच्या दुधाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. धारोष्ण दूध प्यायल्याने काही होत नसे. परंतु तेच दूध काही तास बाहेर ठेवून प्यायले की वांत्या व जुलाब होत. गाय वरकरणी निरोगी होती. तिच्या कासेत स्टॅफिलोकॉकस होता. बार्बरने हे सर्व स्वतः दूध पिऊन सिद्ध केले. त्याचे निष्कर्ष फारसे कोणाच्या ध्यानी राहिले नाहीत. १९३० मध्ये शिकागो येथील गेल डॅक व त्याचे सहकारी ह्यांनी मलईयुक्त केकपासून झालेल्या विषबाधेचा तपास केला, तेव्हा हाच सिद्धान्त पुन्हा व अधिक भक्कम पुराव्याने मांडला गेला. केकमधून मिळालेल्या स्टॅफिलोकॉकसच्या संवर्धाचा गाळलेला, जंतुविरहित द्रव स्वयंसेवकांनी प्राशन केला आणि ते आजारी पडले. नॉर्वेमध्ये स्टाइनार हाउगे ह्याने बॅसिलस सेरिअस ह्या जंतूविषयी असेच केले. १९४७ ते १९४९ ह्या काळात ऑस्लो येथे व्हॅनिला सॉसपासून झालेल्या विषबाधांचा तपास करताना त्याने त्या जंतूने दूषित केलेला सॉस स्वतः खाल्ला, आणि काही तासांनी त्याला पोटदुखी व अतिसार ह्यांनी गाठले.

ह्याच परंपरेतील, परंतु तिला शास्त्रीय शिस्त देणारा प्रयोग भारतात झाला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य ठाऊक असली पाहिजे. पटकी हा रूढ अर्थाने अन्नविषबाधेचा विकार नव्हे. तरी आंत्रविष ह्या संकल्पनेचा पाया पटकीच्या अभ्यासातच घातला गेला. पटकीचा जंतू विषाच्या द्वारे रोग घडवीत असावा, असे रॉबर्ट कॉख ह्याने १८८४ मध्येच सुचविले होते. त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षे ते विष कोणालाही दाखविता आले नाही, ह्याचे एक मोठे कारण असे की, ते शोधणारे जंतूंचे अर्क प्राण्यांच्या रक्तात वा उदरपोकळीत टोचीत होते. कलकत्त्याच्या शंभुनाथ दे ह्यांनी प्रश्नच निराळ्या रीतीने विचारला. विष आतड्यावर परिणाम करीत असेल, तर ते आतड्याच्या पोकळीतच ठेवून पाहावे, असा त्यांचा साधा परंतु निर्णायक विचार होता. १९५३ मध्ये त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांस दोऱ्याने बांधून त्यात जंतू सोडले. तो भाग द्रवाने टरारून फुगला. १९५९ मध्ये जंतू पूर्णपणे गाळून काढलेल्या द्रवानेही तोच परिणाम होतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतील एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे व डी. आर. कुलकर्णी ह्यांनी सशाच्या नवजात पिलांवरील प्रयोगांतून पटकीच्या विषासंबंधी स्वतंत्र पुरावा प्रसिद्ध केला.

दे ह्यांच्या बांधलेल्या आतड्याचे महत्त्व पटकीपुरते नव्हते. १९५६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कसोटी एश्चेरिकिया कोलाय ह्या आतड्यातील नित्याच्या रहिवाशास लावली. अतिसाराच्या रुग्णांपासून मिळविलेल्या ह्या जंतूच्या काही वाणांनी आतडे फुगविले. जातीने एकच असणाऱ्या जंतूंपैकी काही रोगकारक व काही निरुपद्रवी असतात, आणि त्यांतील भेद सूक्ष्मदर्शकाखाली वा नेहमीच्या रासायनिक कसोट्यांत दिसत नाही, ही अडचण येथे स्पष्टपणे पुढे आली. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे बीज ह्या अडचणीत आहे.

४. विष हे जातीचे लक्षण नव्हे

जातीच्या नावावरून विषाचा निर्णय करता येत नसेल, तर तो कशावरून करावा? बॉट्युलिनमसाठी उंदीर, स्टॅफिलोकॉकससाठी माकड, कोलायसाठी ससा, अशी प्राण्यांची योजना चालू राहिली. १९७७ मध्ये कॅनडातील कोनोवालचुक व सहकारी ह्यांनी कोलायच्या काही वाणांच्या गाळलेल्या द्रवाने माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या ‘व्हेरो’ नावाच्या पेशी मरतात, असे दाखविले. त्यामुळे काही विषांपुरता प्राण्याच्या जागी पेशींचा थर आला. प्रतिद्रव्यांच्या साहाय्याने विष ओळखण्याच्या पद्धतीही विकसित झाल्या. परंतु ह्या सर्व पद्धती खर्चाच्या व वेळखाऊ होत्या, आणि साथीच्या वेळी शेकडो नमुन्यांस त्या लावणे अशक्यप्राय होते.

ह्या सुमारास आनुवंशिकीच्या क्षेत्रातून एक अनपेक्षित प्रकाश मिळाला. १९५१ मध्ये व्हिक्टर फ्रीमन ह्याने असे दाखविले होते की, घटसर्पाच्या जंतूचा विषहीन वाण एका विशिष्ट जंतुभक्षी विषाणूच्या सहवासात विषजनक बनतो. विषनिर्मितीचा गुण जंतूच्या स्वभावात नसून त्याच्याकडे आलेल्या पाहुण्याच्या सामानात होता, असा ह्याचा अर्थ. १९६८ मध्ये विल्यम्स स्मिथ व हॉल्स ह्यांनी कोलायची आंत्रविष निर्माण करण्याची शक्ती एका जंतूपासून दुसऱ्याकडे संक्रमित होऊ शकते, असे सिद्ध केले. ती शक्ती गुणसूत्राबाहेरील प्लाझ्मिड नावाच्या डीएनए-वर्तुळावर होती. स्टॅफिलोकॉकसच्या ‘ए’ आंत्रविषाचे जनुक जंतुभक्षी विषाणूबरोबर येते, हे बेटली व मेकालानॉस ह्यांनी १९८५ मध्ये दाखविले. व्हेरो पेशींना मारणारे कोलायचे विष, जे आमांशाच्या जंतूतील शिगा-विषाशी जवळचे नाते सांगते, तेही जंतुभक्षी विषाणूंवरच वाहिले जाते. पटकीच्या विषाची कथाही तीच निघाली. त्याचे वाहन असलेला विषाणू १९९६ मध्ये वॉल्डर व मेकालानॉस ह्यांनी ओळखला.

ह्या शोधांमुळे दोन गोष्टी एकदम झाल्या. जातीवरून विषाचे अनुमान करण्याची जुनी रीत तत्त्वतः सदोष ठरली; कारण विषाचे जनुक जातींच्या सीमा ओलांडून फिरते. आणि त्याचबरोबर, शोध घ्यावयाचा तो जंतूच्या नावाचा नव्हे, त्या फिरत्या जनुकाचा, ही नवी दिशा मिळाली. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. बेटी हॉब्स व सहकारी ह्यांनी १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये मांसाच्या रश्श्यांपासून होणाऱ्या विषबाधेशी त्याचा संबंध निश्चितपणे जोडला. हा जंतू मातीत, धुळीत व आतड्यांत सर्वत्र सापडतो. परंतु आंत्रविषाचे जनुक धारण करणारे त्याचे वाण शेकडा पाचांहूनही कमी आहेत. केवळ हा जंतू सापडला म्हणून अन्नास दोषी ठरविणे म्हणजे गावात चोरी झाली म्हणून गावातील प्रत्येकास चोर म्हणण्यासारखे आहे.

५. जनुकाचा शोध

जनुक शोधण्याचे पहिले साधन १९७५ मध्ये ग्रुन्स्टाइन व हॉग्नेस ह्यांनी दिले. तबकडीवरील जंतूंच्या वसाहतींचा ठसा एका पातळ पटलावर घ्यावयाचा, जंतू तेथेच फोडून त्यांच्या डीएनएचे दोन धागे विलग करावयाचे, आणि त्यावर इष्ट जनुकाशी जुळणारा, किरणोत्सर्गी खूण केलेला धागा सोडावयाचा. जेथे जोडी जुळते तेथे छायाचित्रण-फितीवर काळा ठिपका उमटतो. विषाच्या जनुकासाठी ही पद्धती वापरण्यास ते जनुक आधी हाती असणे आवश्यक होते. सो, डॅलस व फाल्को ह्यांनी कोलायच्या उष्णतेने नष्ट होणाऱ्या आंत्रविषाचे जनुक १९७८ मध्ये वेगळे करून वाढविले. १९८० मध्ये मोझली, फाल्को व त्यांचे सहकारी ह्यांनी अशा शोधक धाग्याच्या साहाय्याने विषजनक कोलाय ओळखण्याची पद्धती प्रसिद्ध केली. ज्या आशियाई देशांत अतिसाराने बालके दगावत होती, तेथील नमुन्यांवर ह्या पद्धतीचा कस लागला, हे विशेष होय. दे ह्यांच्या सशाने जो प्रश्न विचारला होता, त्याचेच उत्तर आता एका काळ्या ठिपक्यात वाचता येऊ लागले. पटकीच्या विषाचे व कोलायच्या ह्या विषाचे जनुक परस्परांशी सदृश आहेत, ही गोष्टही ह्याच संशोधकांच्या कार्यातून पुढे आली.

दुसरे साधन म्हणजे पॉलिमरेज शृंखला-विक्रिया, जी पीसीआर ह्या आद्याक्षरांनी सर्वपरिचित आहे. कॅरी मुलिस ह्याला तिची कल्पना १९८३ मध्ये सुचली, आणि तिचा पहिला उपयोग १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. इष्ट जनुकाच्या दोन टोकांशी जुळणारे दोन आखूड धागे, चार प्रकारचे घटक आणि डीएनए जुळविणारे विकर एवढ्या सामग्रीत नमुना आळीपाळीने तापविला व निवविला की, प्रत्येक फेरीस त्या तुकड्याची संख्या सुमारे दुप्पट होते. तीस फेऱ्यांत ती अब्जाच्या घरात जाते. आरंभी दर फेरीस विकर नष्ट होई. उष्ण झऱ्यात राहणाऱ्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस ह्या जंतूचे उष्णता सोसणारे विकर १९८८ पासून वापरात आल्यावर ही अडचण दूर झाली. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, विषजनक कोलायच्या जनुकांसाठी ह्या विक्रियेचा उपयोग प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कार्ख व मायर ह्यांनी शिगा-सदृश विषांची निरनिराळी जनुके एकाच जोडीने ओळखण्याची योजना मांडली. १९९१ मध्ये जॉन्सन व सहकारी ह्यांनी स्टॅफिलोकॉकसच्या ‘ए’ ते ‘ई’ ह्या आंत्रविषांच्या जनुकांसाठी असेच केले. बॅसिलस सेरिअसच्या वांतिकारक विषाचा जनुकसमूहही २००४ नंतरच्या काही वर्षांत उलगडला.

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या अखेरीस तिसरा प्रश्न सर्वांत सोपा झाला. इतिहासात सोप्या प्रश्नाची एक खोड दिसते: तो अवघड प्रश्नाच्या जागी बसू पाहतो.

६. पात्रता आणि कृती

जनुक असणे म्हणजे पात्रता असणे. विष असणे म्हणजे कृती घडलेली असणे. ह्या दोहोंत अंतर आहे, हे दाखविणारी तीन उदाहरणे येथे घेऊ.

पहिले उदाहरण मौन जनुकाचे आहे. १९९४ मध्ये फ्रान्चोझा, फेरेरा व हॅथवे ह्यांनी क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमच्या वाणांची जनुकपरीक्षा केली. केवळ ‘ए’ प्रकारचे विष निर्माण करणाऱ्या अनेक वाणांत ‘बी’ प्रकारच्या विषाचे जनुकही आढळले. पण त्या जनुकापासून क्रियाशील विष निर्माण होत नव्हते. उंदरावरील जुनी परीक्षा ह्या वाणांना ‘ए’ म्हणत होती, आणि प्रतिविष देण्याच्या दृष्टीने तेच उत्तर उपयोगाचे होते. नव्या परीक्षेने अधिक सांगितले, परंतु जे अधिक सांगितले ते रोग्याच्या शरीरात घडलेले नव्हते.

दुसरे उदाहरण ह्याच्या उलट आहे. जून–जुलै २००० मध्ये जपानमध्ये ओसाका व आसपासच्या भागात कमी स्निग्धांशाचे दूध पिऊन तेरा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. तपासाचा माग होक्काइदो बेटावरील दूधभुकटीच्या एका कारखान्यापर्यंत गेला. त्या वर्षीच्या मार्चअखेरीस तेथील वीजपुरवठा काही तास खंडित झाला होता. त्या अवधीत कोमट राहिलेल्या दुधात स्टॅफिलोकॉकस वाढला व त्याने ‘ए’ आंत्रविष निर्माण केले. पुढील प्रक्रियेत उष्णतेने जंतू मेले. विष मात्र उष्णतेस दाद देत नाही, म्हणून ते भुकटीत व तिच्यापासून केलेल्या दुधात शिल्लक राहिले. रोग्यांच्या पोटात गेलेल्या विषाचे प्रमाण, नंतरच्या अंदाजानुसार, सुमारे २० ते १०० नॅनोग्रॅम इतके अल्प होते. अशा प्रसंगी जिवंत जंतूचा शोध व्यर्थ आहे. मृत जंतूंच्या डीएनएचा मागमूस लागलाच, तरी त्यावरून विषाचे प्रमाण कळत नाही. येथे दुसऱ्या प्रश्नाला पर्याय नाही; विषच मोजले पाहिजे.

तिसरे उदाहरण शिळ्या भाताचे आहे. बॅसिलस सेरिअसचे वांतिकारक विष १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापविले तरी टिकते. तव्यावर परतल्याने ते जात नाही. १९७१ पासून इंग्लंडमध्ये तळलेल्या भातापासून झालेल्या विषबाधांनी हे विष प्रकाशात आणले. हे विष साध्या प्रथिनासारखे एका जनुकावरून सरळ उतरत नाही. अनेक विकरांच्या समूहाने ते जुळविले जाते. त्या समूहाची जनुके सापडणे ही महत्त्वाची सूचना आहे. परंतु भात किती वेळ व किती तापमानात राहिला, ह्यावरच विष झाले की नाही हे ठरते, आणि जनुक त्याविषयी काही सांगू शकत नाही.

७. जर्मनीतील साथ, १९११ नव्हे २०११

वरील विवेचनाची सर्वांत कठोर परीक्षा मे ते जुलै २०११ ह्या काळात जर्मनीत झाली. व्हेरो पेशींना मारणाऱ्या कोलायच्या त्या साथीत जर्मनीत ३,८१६ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी ८४५ जणांस रक्तपेशींचा नाश व मूत्रपिंडे निकामी होणे हा घोर उपद्रव झाला, आणि ५४ मृत्यू पावले. शीर्षकात शतकाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कारण ह्या साथीत जुन्या काळचे पायी हिंडून विचारपूस करण्याचे शास्त्र आणि नव्या काळचे जनुकशास्त्र ही दोन्ही समोरासमोर उभी ठाकली.

ह्या विकाराशी निगडित असलेला सुप्रसिद्ध वाण म्हणजे ओ१५७:एच७. १९८२ मध्ये अमेरिकेत हॅम्बर्गरपासून झालेल्या साथींत तो प्रथम ओळखला गेला. तो सॉर्बिटॉल ही शर्करा जलद आंबवीत नाही, म्हणून त्या गुणावर आधारलेले पोषकद्रव्य वापरून त्याला हुडकण्याची प्रथा होती. जर्मनीतील वाण ओ१०४:एच४ निघाला, आणि तो सॉर्बिटॉल आंबविणारा होता. केवळ नाव शोधणाऱ्या कसोटीतून तो सहज निसटला असता. आतड्यास घट्ट चिकटण्याचे जे जनुक धोकादायक वाणांची खूण समजले जाई, तेही त्याच्यात नव्हते. शिगा-विषाचे जनुक मात्र होते. निराळ्याच प्रकारे आतड्यास चिकटणाऱ्या एका कोलायने ते जंतुभक्षी विषाणूकडून मिळविले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यातच त्याच्या संपूर्ण जनुकसंहितेचे वाचन प्रसिद्ध झाले. जनुकपरीक्षेचा हा निःसंशय विजय होता.

परंतु त्याच साथीत जनुकपरीक्षेच्या आधाराने एक मोठा अन्यायही झाला. २६ मे रोजी हांबुर्गच्या अधिकाऱ्यांनी असे जाहीर केले की, स्पेनहून आलेल्या काकड्यांवर ह्या प्रकारचा विषजनक कोलाय आढळला आहे. काकड्यांवर शिगा-विष निर्माण करू शकणारा कोलाय होता, हे खरे. परंतु ३१ मेपर्यंत हे स्पष्ट झाले की, तो साथीचा वाण नव्हता. एवढ्या अवधीत स्पेनमधील शेतकऱ्यांचा माल युरोपभर नाकारला गेला व नष्ट करावा लागला. पुढे युरोपीय संघास भाजीपाला उत्पादकांना वीस कोटी युरोंहून अधिक भरपाई द्यावी लागली. परीक्षेचे उत्तर चुकले नव्हते. ‘विषाची पात्रता असलेला जंतू येथे आहे काय’ ह्या प्रश्नाचे उत्तर ‘आहे’ असेच होते. ते उत्तर ‘ही माणसे ह्यामुळेच आजारी पडली काय’ ह्या निराळ्या प्रश्नास लावले गेले, ही चूक होती.

खरा दोषी सापडला तो भोजनगृहाच्या स्वयंपाकघरात. एकाच भोजनगृहात जेवलेल्या मंडळींच्या आठवणीवर विसंबून न राहता तपासकांनी त्यांनी मागविलेले पदार्थ नोंदले आणि प्रत्येक पदार्थात काय काय घातले होते, हे आचाऱ्यास विचारले. जेवणाऱ्यांस जे आठवत नव्हते ते आचाऱ्यास ठाऊक होते: सजावटीसाठी घातलेले कच्चे मोड. मोड असलेले पदार्थ ज्यांना वाढले गेले त्यांना आजाराचा धोका इतरांच्या सुमारे १४ पट होता. १० जून रोजी मोडांविषयी अधिकृत इशारा देण्यात आला. पुढे फ्रान्समधील बोर्दो परिसरात त्याच वाणाची लहान साथ झाली, आणि दोन्ही ठिकाणांस जोडणारा समान दुवा म्हणून इजिप्तहून आलेले मेथीचे बियाणे पुढे आले. त्या बियाण्यात जंतू प्रत्यक्ष सापडला नाही. पुरावा होता तो व्यापाराच्या कागदपत्रांचा व जेवणाच्या नोंदींचा.

८. समारोप

ह्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. जंतूची परीक्षा संशयिताचे नाव सांगते. जनुकाची परीक्षा त्याचे सामर्थ्य सांगते. विषाची परीक्षा झालेली कृती सांगते. ह्या तिघींच्या वर आणखी एक परीक्षा आहे, ती म्हणजे कोणी काय खाल्ले ह्याची धीराने केलेली चौकशी. कृती आणि परिणाम ह्यांचा सांधा तीच जोडते. व्हान एर्मेंगेमने एलेझेलच्या वादकांविषयी ही चौकशी केली होती, बार्बरने गोठ्यात ती केली होती, आणि २०११ मध्ये अत्याधुनिक यंत्रे हाताशी असतानाही तिच्यावाचून चालले नाही.

जनुकपरीक्षेचे मोल ह्यामुळे तिळमात्र कमी होत नाही. जातीच्या नावाच्या भ्रमातून तिनेच आपल्याला सोडविले, आणि सशा-माकडांच्या वेदनाही पुष्कळ अंशी तिच्यामुळे वाचल्या. तिची मर्यादा यंत्रात नसून तिच्याकडे नेलेल्या प्रश्नात असते. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी प्रयोगवहीत निष्कर्ष लिहिताना एक सवय लावून घ्यावी, अशी आमची सूचना आहे. ‘विषबाधेचे कारण सापडले’ असे लिहिण्यापूर्वी आपण तीनपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळविले आहे, ते त्याच ओळीत नमूद करावे. ‘विषाचे जनुक आढळले, विष तपासलेले नाही’ हे वाक्य दिसावयास अपुरे वाटते, परंतु २६ मे २०११ रोजी असेच एखादे अपुरे वाक्य जाहीर झाले असते, तर पुष्कळ शेतांतील उभे पीक वाचले असते.